विंचची आवश्यकता नाही

जीप चिखलात रुतली की ड्रायव्हर आधी काय करतो, माहीत आहे? इकडेतिकडे बघतो. आपल्या खात्यातलं कोणी आसपास नाही ना, याची खात्री करून घेतो. मगच खाली उतरून चाकाकडे बघतो. एकतीस वर्षं मी सरकारी ड्रायव्हरांमध्ये काढली, त्यांच्याबद्दल एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो.

जळगावच्या एका सरकारी वर्कशॉपमध्ये मी हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तेच एक खातं वाईट ठरेल, आणि बाकीची उगाच सुटतील. जळगाव आणि धुळे अशा दोन्ही जिल्ह्यांतल्या आमच्या जीपगाड्या दुरुस्तीला माझ्याकडे यायच्या. धुळे जिल्हा तेव्हा पार नर्मदेपर्यंत होता. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, ‘नाना, वर्कशॉपमधले चार गमतीचे अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं.’ माझ्याजवळ गमतीचे दोन आहेत. ते आधी उरकून घेतो.

त्याआधी थोडं यंत्राबद्दल सांगावं लागेल. साध्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या दोनच चाकांना जातो. फोर-व्हील ड्राइव्ह जीपमध्ये एक छोटा दांडा ओढला की तो पुढच्या चाकांनाही मिळतो. लोकांना वाटतं, चार चाकांना जोर मिळाला म्हणजे गाडी कुठूनही निघणार. तसं नसतं. जोर सोपी वाट धरतो. ज्या चाकाखाली नुसता चिखल आहे ते गरागरा फिरतं, आणि ज्याच्याखाली चांगला दगड आहे ते निवांत उभं राहतं. कामाचं चाक उभं आणि रिकामं चाक फिरतंय, हे दृश्य मला नंतर ऑफिसातही पुष्कळ वेळा बघायला मिळालं.

गाडी अशी अडकली की उपयोगी पडतो तो विंच. पुढच्या बंपरवर एक लोखंडी रीळ, आणि त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, रीळ इंजिनाच्या जोरावर फिरवायचा, की विहिरीतून बादली वर यावी तशी गाडी हळूहळू झाडाकडे सरकते. ऐकायला फार छान. पण त्याचं वजन पुढच्या स्प्रिंगांवर येतं, त्या बसतात. स्टिअरिंग जड होतं. तारेचा एक धागा जरी तुटलेला असला तरी हाताची कातडी सोलून काढतो, आणि ताणावर असताना दोर तुटला तर समोरच्या माणसाचं काही खरं नसतं. शिवाय झाड लागतं. आपल्या काळ्या रानात मैलभर झाड नसतं, तिथे दोर काय आभाळाला बांधणार?

हे सगळं मला पाठ होतं आणि मी ते येईल त्याला ऐकवायचो. विंच हवा का नको, हे ठरवणारा दोन जिल्ह्यांतला शहाणा माणूस मीच, अशी माझी ख्याती झाली होती. ती मला आवडत होती, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पहिली गंमत फैजपूरची. तिथल्या एका केळीच्या बागाईतदारानं लिलावात जुनी जीप घेतली. कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की विंचशिवाय जीप म्हणजे शेपटीशिवाय घोडा. त्यानं भुसावळच्या एका फॅब्रिकेटरकडून विंच बनवून घेतला आणि मग मला रविवारी बोलावलं.

“मिस्तरी, तुम्ही पाहा बरं एकदा. इतका खर्च केला, पण गाडी काही निघत नाही,” आबा म्हणाले. सगळे त्यांना आबा म्हणायचे, मीही म्हणायचो.

गाडी त्यांच्याच बागेतल्या पाटात रुतली होती. मी विचारलं, “दोर कशाला बांधला होता?”

“कशाला म्हणजे? केळीले. समोर केळीच होती ना!”

मग त्यांनी मला बाग दाखवली. जीप जागची तसूभर हलली नव्हती. घडासकट सात-आठ केळी मात्र लोळत लोळत जीपपर्यंत आलेली होती. आबांनी एक उपटली की दुसरीला, दुसरी उपटली की तिसरीला दोर बांधला होता. मी म्हणालो, “आबा, तुमच्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. विंचची आवश्यकता नाही.” आबा माझ्यावर महिनाभर रुसले होते. नंतर विंच काढून त्यांनी तो विहिरीवर मोटार उतरवायला लावला.

दुसरी गंमत धुळ्याची. तिथल्या आमच्या एका साहेबांना विंच हवा होता, कारण शेजारच्या खात्याच्या साहेबांच्या जीपला होता. यांची जीप बंगला, ऑफिस आणि रेस्ट हाउस सोडून कुठे जात नसे. मी कागदावर स्वच्छ लिहिलं, ‘वाहन डांबरी रस्त्यावर फिरते. विंचची आवश्यकता नाही.’ साहेबांनी वरून मंजुरी आणली आणि विंच बसवून घेतला. त्याला पिवळा रंग दिला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला जाई आणि सव्वीस जानेवारीला जीप मैदानात पुढच्या रांगेत उभी राही. पुढे ती गाडी माझ्याकडे आली तेव्हा मी रीळ सोडवायला गेलो. तारेचा दोर एकदाही उलगडलेला नव्हता. गंजून त्याचा एकच गोळा झाला होता, छिन्नीनं कापावा लागला.

गमती संपल्या. त्यांच्यामुळे माझी एक सवय मात्र झाली. विंच मागणारा कागद आला की माझा हात ‘आवश्यकता नाही’ लिहायला आपोआप सरसावायचा. वरचे लोक म्हणायचे, ‘फोरमननी लिहिलं म्हणजे विषय संपला.’ वायफळ खर्च वाचवणारा माणूस म्हणून माझी पाठ थोपटली जायची. खरोखर गरज असलेला कागद आला तर आपल्याला तो ओळखता येईल का, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

असा कागद आला तो ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे. यावलच्या वर सातपुड्यात आमचं एक केंद्र होतं. तिथल्या जीपमधून सिस्टर आणि कंपाउंडर औषधाची पेटी घेऊन पाड्यापाड्यांवर जायचे. त्या सिस्टरनंच अर्ज केला होता. पावसाळ्यात नाले ओलांडताना फार त्रास होतो, तरी जीपला विंच मिळावा. अर्ज वर गेला, वरून माझ्याकडे आला, ‘तांत्रिक अभिप्राय द्यावा’ असा शेरा घेऊन.

त्या जीपचा ड्रायव्हर हिरामण. एरंडोलकडचा. गडी अंगानं बारीक, बोलणं कमी. त्याचं गाडीवरचं प्रेम असं की सर्व्हिसिंगला आला की स्वतः गाडीखाली शिरायचा, माझ्या पोरांना हात लावू द्यायचा नाही. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होता आणि मला ‘नाना’ म्हणायचा. खात्यात चिकटला तोही माझ्याच शब्दावर. ड्रायव्हिंगची परीक्षा मीच घेतली होती.

कागद आला त्याच आठवड्यात तो जीप घेऊन सर्व्हिसिंगला आला. मी गाडी वर उचलून बघितली. स्प्रिंगा ठीक, गिअर ठीक, पुढच्या चाकांचा जोर ठीक. मग मी गाडीची नोंदवही मागितली. प्रत्येक सरकारी गाडीत ती असते. कुठून कुठे, किती किलोमीटर, वाटेत काय घडलं, हे ड्रायव्हरनं रोज लिहायचं असतं. मी तीन वर्षांची पानं चाळली. ‘रुतली’ हा शब्द एकदाही नाही. ‘अडकली’ नाही. पावसाळ्यात अधूनमधून फक्त एकच ओळ होती, ‘रस्ता खराब, विलंब.’

आता इथे मला जे सांगायचं आहे ते सांगायला मी इतकी वर्षं लावली.

ही ओळ हिरामणला मीच शिकवली होती. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात त्यानं वहीत सरळ लिहिलं होतं, ‘गाडी नाल्यात रुतली, पाड्यावरच्या लोकांनी बैल लावून काढली, तीन तास गेले.’ त्यावर त्याला मेमो आला की गाडी रुतलीच कशी, खुलासा करा. मलाही पत्र आलं, फोर-व्हील ड्राइव्ह असताना गाडी रुतते म्हणजे वर्कशॉपनं दुरुस्ती नीट केलेली नाही काय? त्या पत्राला उत्तर देता देता माझे दोन दिवस गेले. मी भडकलो. हिरामण पुढच्या वेळी आला तेव्हा त्याला सगळ्यांसमोर झापलं.

“ही वही आहे, हिरामण, तुझी रोजनिशी नाही. रुतली, अडकली, ओढून काढली, यातला एकही शब्द मला परत दिसता कामा नये. रस्ता खराब, विलंब. बस. एवढंच लिहायचं.”

“बरं नाना,” तो म्हणाला.

सगळे ड्रायव्हर तसंच लिहायचे. जुन्यांना जुन्यांनी शिकवलेलं होतं, नव्यांना मी शिकवत होतो. अडकलेल्या गाडीची नोंद म्हणजे ड्रायव्हरला मेमो आणि वर्कशॉपला पत्र, म्हणून नोंदच नको. साधा हिशोब होता. हिरामणनं माझं ऐकलं, तीन वर्षं एक शब्द चुकला नाही.

आणि तीच वही हातात धरून मी अभिप्राय लिहिला, ‘गेल्या तीन वर्षांत वाहन अडकल्याची एकही नोंद नाही. अडकल्यास ओढून काढण्यास स्थानिक साधने उपलब्ध आहेत. विंचची आवश्यकता नाही.’

वाचणाऱ्याला वाटेल, आपण काय शिकवलं होतं ते मी विसरलो असेन. तसं म्हणायला मलाही आवडलं असतं. मी विसरलो नव्हतो. लिहिताना मला पूर्ण ठाऊक होतं की ती वही खोटी आहे. पण कागदाला आधार लागतो आणि आधार माझ्या हातात होता. मागणीला ‘नाही’ म्हणायची सवय होती. वही खोटी आहे हे लिहायचं तर ती खोटी कुणी करायला लावली, तेही लिहावं लागलं असतं. सही करायला दोन मिनिटं लागली.

हिरामण हात पुसत जवळ आला. “नाना, विंच भेटी का?”

“तुला कशाला रे हवा? तू तर कधी अडकतच नाहीस. वही सांगते ना!” मी डोळे मिचकावले.

तो हसला. मीही हसलो. माझ्या हाताखालची पोरंही हसली. मग तो जीप घेऊन यावलकडे गेला.

पुढच्याच पावसाळ्यातली गोष्ट. श्रावणातली दुपार होती. डोंगरातून फोन येणं मुश्कील, म्हणून यावलहून निरोप आला की जीपला अपघात झाला, ड्रायव्हरला जळगावला आणताहेत. दुसऱ्या दिवशी मी क्रेनचा ट्रक घेऊन जीप आणायला गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर ट्रक पुढे जाईना, शेवटचे तीन किलोमीटर मी आणि दोन मेकॅनिक चालत गेलो. कंपाउंडर तिथेच पाड्यावर थांबलेला होता. घडलं ते त्याच्याकडून कळलं.

नाल्यात पाणी फार नव्हतं, पण समोरचा चढ पावसानं ढासळला होता. जीप अर्ध्या चढावर जाऊन बसली. चाकं फिरवली तर आणखी खोल जाते, म्हणून हिरामणनं इंजिन बंद केलं, गिअर काढला आणि पाड्यावर सांगावा धाडला. नेहमीप्रमाणे लोक आले. दोन बैलजोड्या आल्या. जुना नाडा आला, पूर्वी विहिरीवर मोट चालायची तेव्हाचा जाड दोर. स्टिअरिंगवर कंपाउंडरला बसवलं आणि ब्रेकवर पाय ठेवायला सांगितलं. हिरामण स्वतः मागे थांबला. बैलांनी गाडी हातभर ओढली की मागच्या चाकाखाली दगड सरकवायचा, बैलांना दम खाऊ द्यायचा, परत हातभर. असं करत बरीचशी गाडी वर आली होती. हिरामण दगड सरकवायला वाकला आणि नाडा तुटला. कंपाउंडरनं ब्रेक दाबला. पण पाण्यातून आलेल्या गाडीचे ब्रेक ओले असतात, ते धरत नाहीत. जीप मागे आली. हिरामणचा उजवा पाय चाक आणि दगड यांच्यामध्ये सापडला. सिस्टरनं आपली साडी फाडून पाय बांधला, पाड्यावरच्या माणसांनी त्याला झोळी करून रस्त्यापर्यंत नेलं. जळगावात गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

यंत्राच्या माणसाला इथे एक गोष्ट चटकन कळते. विंचचा खरा उपयोग ओढण्यापेक्षा धरून ठेवण्याला आहे. त्याच्या पेटीतला गिअर असा असतो की रीळ फिरवणं थांबलं की तो जिथल्या तिथे थांबतो, उलटा सुटत नाही. बैल ओढतील, पण धरून ठेवणार नाहीत. विंचचे दुर्गुण मी दहा वर्षं लोकांना ऐकवत होतो, त्यात हा गुण मी कधी कुणाला सांगितल्याचं आठवत नाही.

नाल्याच्या वर एक अंजनाचं झाड होतं, विंचचा दोर बांधायला असावं तसं, अगदी समोर. मी त्याच्याजवळ गेलो तर कमरेएवढ्या उंचीवर खोडाची साल सगळीकडून घासून गेलेली, आतलं लाकूड गुळगुळीत झालेलं. पाड्यावरचा एक म्हातारा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

मी विचारलं, “हे कशानं झालं?”

“नाड्यानं. बैल दम खातात तवा नाड्याचा येढा झाडाले द्याचा, मंग गाडी मागं जात नाही. दर पावसाळ्याले चार-पाच डाव काढतो आमी तुमची गाडी.” मग त्यानं माझ्याकडे निरखून बघितलं. “तुमाले माहीत नाही?”

आदल्या दिवशी नाडा त्या वेढ्याच्या जागीच तुटला होता. वर्षानुवर्षं तिथेच घासून तो कुजला होता. ‘स्थानिक साधने उपलब्ध’ असं मी लिहिलं होतं ना, ते साधन दोन तुकडे होऊन झाडाखाली पडलेलं होतं. मी म्हाताऱ्याकडे पाठ फिरवली. मेकॅनिकांना म्हणालो, चला, कामाला लागा.

दोन-तीन महिन्यांनी चौकशी लागली. साहेब बाहेरून आलेले होते, माणूस सभ्य होता. टेबलाच्या एका बाजूला मी तांत्रिक साक्षीदार म्हणून, समोर बाकावर हिरामण, शेजारी भिंतीला टेकवलेल्या कुबड्या.

साहेबांनी मला विचारलं, “गाडीत काही यांत्रिक दोष होता?”

“नाही साहेब.”

“यापूर्वी ही गाडी त्या नाल्यात कधी अडकली होती?”

अंजनाचं झाड माझ्या डोळ्यांसमोर होतं. हिरामण माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. तो वाट बघत होता. आपला नाना आता बोलेल, असं त्याला वाटत होतं, हे मला स्वच्छ कळलं.

“रेकॉर्डप्रमाणे नाही, साहेब,” मी म्हणालो.

साहेबांनी लिहून घेतलं. गाडी धडधाकट, तीन वर्षांत तोच नाला पन्नास वेळा सुखरूप ओलांडलेला, म्हणजे या वेळी चूक कुणाची, हे लहान पोरालाही कळलं असतं. साहेबांनी हिरामणला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचं आहे?”

त्यानं सांगितलं असतं तर मी अडचणीत आलो असतो. वहीत काय लिहायचं हे मला नानांनी शिकवलं, एवढं एक वाक्य पुरेसं होतं. त्यानं माझ्यावरची नजर काढली. मग म्हणाला, “नही साहेब.”

निकालात ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं आलं. लोकांच्या तोंडी त्याचं ‘हिरामणनं चढावर जीप सोडून दिली’ असं झालं. नोकरी गेली नाही, पण ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव कायमचं कमी झालं आणि त्याला फाटकावर बसवलं. कुठल्या फाटकावर? माझ्याच वर्कशॉपच्या. खात्याला यात काही वावगं वाटलं नाही. सोयीचीच बदली होती म्हणे. पुढची सात वर्षं मी रोज सकाळी आत जाताना तो कुबडीवर उभा राहून म्हणायचा, “नमस्कार नाना.” मी म्हणायचो, “नमस्कार.” यापलीकडे आम्ही बोलत नव्हतो. नवे ड्रायव्हर त्याची टिंगल करायचे. गाडी फाटकातून आत घेताना ओरडायचे, “हिरामणभाऊ, बाजूला व्हा, ब्रेक लागत नाही!” मी खिडकीतून ऐकायचो. एकदाही बाहेर येऊन मी त्यांना गप्प केलं नाही.

विंच आला बरं का. अपघात झाला म्हणून सहा महिन्यांत मंजूर झाला. माझा अभिप्राय कुणी मागितला नाही. माझ्याच हातानं मी तो त्या जीपवर बसवला. त्याच्याबरोबर परिपत्रक आलं की प्रत्येक वापराची नोंद वहीत करावी. पहिल्याच पावसाळ्यात नव्या ड्रायव्हरनं पानभर नोंदी केल्या. तोच नाला, तेच झाड. कागदोपत्री सिद्ध झालं की तिथे कोणतीही गाडी, कोणाच्याही हातात, अडकतेच. ती वही माझ्या टेबलावर आली, मी वाचली आणि सही करून कपाटात ठेवली. चौकशीचा निकाल आणि ही वही शेजारी शेजारी ठेवून बघावं, असं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्या मनात आलं होतं.

हिरामणनं पूर्ण नोकरी केली नाही, लवकर निवृत्ती घेऊन गावी गेला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मीही निवृत्त झालो. सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. भाषणांत सांगितलं गेलं की नानांच्या अभिप्रायात कधी काना-मात्रेचा फरक पडला नाही. मला ते ऐकवेना. पुढच्याच सोमवारी एस.टी. पकडून मी एरंडोलला उतरलो आणि तिथून विचारत विचारत हिरामणच्या गावाला गेलो.

तो ओट्यावर बसून शेंगा फोडत होता. मला बघून उठायला लागला, मी खांद्याला हात लावून बसवलं. “बठा नाना,” म्हणत त्यानं घोंगडी पुढे सरकवली. त्याची बायको पाणी ठेवून आत गेली. मी वाटेत बरंच काही जुळवून आणलं होतं, ते सगळं विसरलो.

“हिरामण, चौकशीत मी खरं बोलायला हवं होतं. तुझी चूक नव्हती. मला झाड दिसलं होतं. वहीचं मला माहीत होतं. मी घाबरलो.”

तो शेंगा फोडत राहिला. मला वाटलं, तो रडेल किंवा मला शिव्या देईल. मला दोन्ही चाललं असतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

“नाना,” तो सावकाश म्हणाला, “हाई माले कसाले सांगतस? माले तं माहीतच शे. पाय मन्हा गया.”

त्यानं आणखी एक शेंग फोडली.

“जेसले माहीत नही त्यासले सांगा. आठे गावमा बठ्ठा लोक म्हनतस, हिरामणनी जीप सोडी दिन्ही. मन्हा पोऱ्या ट्रकवर ड्रायव्हर व्हयना, तं त्याले मालक इचारस, तू तेन्हाच पोऱ्या का रे?” शेंगांचं सूप त्यानं बाजूला ठेवलं. “त्या मालकले सांगा. ऑफिसमा सांगा. माले सांगीसन तुम्हनं मन हलकं व्हई, मन्हं काय व्हई?”

मी म्हणालो, “सांगतो.” चहा घेतला आणि निघालो.

सांगितलं नाही. जळगावला येईपर्यंत मी ठरवलं होतं की ऑफिसात अर्ज द्यायचा. घरी आल्यावर वाटलं, आता कोण ऐकणार, साहेब बदलले, कागद रद्दीत गेले, पेन्शनचं काही उलटंसुलटं झालं तर काय करायचं. कारणं शोधायला मला कधीच वेळ लागला नाही. हिरामणकडे परत जायची हिंमत झाली नाही. मागच्या पावसाळ्यात तो वारला. मला महिनाभरानं कळलं, तेही बाजारात, एका जुन्या ड्रायव्हरकडून. तो ओळख पटावी म्हणून सांगत होता, “तोच हो नाना, नाल्यात जीप सोडून देणारा.”

तेव्हाही मी मान हलवली आणि पुढे गेलो.

संपादकांनी चार अनुभव मागितले होते, तीन झाले. हिरामणचा मुलगा अजून ट्रक चालवतो असं ऐकतो. त्यानं हा अंक वाचला नाही तरी त्याच्या मालकानं वाचावा. ती जीप दर पावसाळ्यात त्या नाल्यात अडकत होती. तिला विंच हवा होता. तो मी नाकारला, आणि गाडी कधी अडकलीच नव्हती असं चौकशीत सांगणाराही मीच. हिरामणनं जीप सोडून दिली नव्हती. ती मागे येत असताना तो चाकाखाली दगड लावत होता.